कोरडा म्हणून दिलेला माल

२ तारीख, सोमवार
साखर २१२, उपाशी पोटी.

डॉक्टरबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "काका, रोज सकाळची साखर लिहा, काय खाल्लं ते लिहा आणि अंगात काही वेगळं वाटलं तर तेही लिहा." अंगात मला काही वेगळं वाटत नाही. खाल्लेलं लिहायचं म्हणजे हिच्या स्वयंपाकाची तक्रार घरातच लेखी ठेवायची, तेवढी छाती माझ्याकडे नाही. मग पानं भरायची कशानं? जहाजांनी.

मी माल तपासणारा. एकतीस वर्षं हेच करतोय. बंदराला जहाज लागलं की वर चढायचं, बघायचं, नमुना घ्यायचा, सही ठोकायची. लोकांना सगळी मालवाहू जहाजं सारखीच वाटतात, पण प्रत्येकाचं दुखणं निराळं. आज धान्याचं होतं. त्याला भय ओलीचं आणि किड्याचं. रिकाम्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या माल भरायच्या पोटात, शिडीनं उतरलो आणि भिंतींवरून तळवा फिरवला. गंज सुटतोय का, मागच्या मालाचा दाणा चिकटलाय का, हे डोळ्यांआधी हाताला कळतं. काही लागलं नाही. पास केलं.

वर येताना प्रत्येक पायरी बघून पाय ठेवावा लागला. नवे बूट फार जाड तळाचे निघाले.

५ तारीख, गुरुवार
साखर मोजायची राहिली.

आज रीफर, म्हणजे फळांचं थंडगार जहाज. सगळं जहाजच एक फ्रीज. फळ झाडावरून उतरलं तरी श्वास घेत असतं, गरमी सुटली की पिकायला लागतं, आणि मग दुसऱ्या टोकाच्या बंदरात उतरतो तो नुसता लगदा. फळात सुई खुपसून आतलं तापमान बघायचं, असं दोनशे ठिकाणी. बाकीचे हातमोजे घालून कुडकुडत होते. मी तासभर उघड्या हातानं काम केलं. तिथला इंजिनिअर म्हणाला, "काका, तुम्हाला गार कसं लागत नाही?" मी म्हटलं, "मला घरी रोज सवय आहे." सगळे हसले. हिला सांगितलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी हिने माझ्या शर्टाची बटणं काढली. म्हटलं, आज काय विशेष? म्हणाली, "महिना झाला, मीच काढतेय. तुम्हाला जमत नाहीत." मला वाटत होतं प्रेमानं काढतेय.

९ तारीख, सोमवार
साखर २३४.

तेलाचा टँकर. त्याला होल्ड नाहीत, झाकणं नाहीत, नुसत्या टाक्या आणि डेकवर नळांचं जंगल. जाड काळं तेल गार झालं की डांबरासारखं बसतं, म्हणून ते वाफेनं गरम ठेवतात, तेव्हा कुठे पंपानं उतरतं. टाकीत फीत सोडून उंची मोजली, तापमान घेतलं. खाली वाकताना आधाराला एका नळावर हात ठेवला आणि आकडा लिहून घेत होतो, तेवढ्यात पंपवाला ओरडत आला आणि त्यानं माझा हात ओढून काढला. तो नळ वाफेचा होता.

उजव्या तळव्याला दोन मोठे फोड आले. पट्टी बांधली. दुखत मात्र नाही. हिला म्हटलं, "एकतीस वर्षांची कातडी आहे, मुरलेली." ही म्हणाली, "पोळलं की दुखतंच. दुखत नाही म्हणजे काय?" बायकांना कशातही काळजीचं खुसपट सापडतं.

१० तारीख, मंगळवार
कंटेनरचं जहाज. पेटीवर पेटी, पेटीवर पेटी, आणि प्रत्येकीला सील. आत काय आहे ते भरणाऱ्याला ठाऊक. तिथे माझ्यासारख्याला कोण विचारतो? सील नंबर जुळवले आणि घरी आलो.

१२ तारीख, गुरुवार
साखर २०५.

दोन दिवस अवेळी पाऊस पडला. आज थांबला.

खनिजाचं जहाज लागलंय. सुट्या मालाचं मोठं जहाज, बल्क कॅरियर. पाच होल्ड. खनिज इतकं जड की होल्ड निम्मेही भरत नाहीत आणि जहाज तेवढ्यातच आपल्या रेषेपर्यंत बुडतं. बाहेरच्याला वाटतं, दगडमातीच तर आहे, तिला काय होतंय. पण सगळ्या मालात मी भितो तो ह्याच मालाला. बारीक खनिजात पाणी मुरलेलं असलं तर ढीग वरून घट्ट दिसतो. समुद्रात हेलकावे आणि इंजिनाची थरथर सुरू झाली की दाणे खाली बसतात, पाणी वर येतं आणि अख्ख्या होल्डचा चिखल होतो. चिखल एका कुशीला वाहिला की जहाज त्याच कुशीला जातं. मग हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

आमच्या भट्टीत नमुना वाळवून ओलावा मोजतात. तो रिपोर्ट चार तारखेचा आहे, आणि चांगला आहे. पण मध्ये पाऊस झाला. नियमाप्रमाणे नवीन नमुना घ्यायला हवा, त्यात अख्खा दिवस जातो, आणि मागे धान्याचं जहाज धक्क्यासाठी ताटकळतंय. साहेब, आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, म्हणाले, "काका, तुमची मूठ काय म्हणते ते सांगा. ओलं म्हणालात तर थांबवतो." माझ्या मुठीचा बंदरात दबदबा आहे. खनिज मुठीत दाबायचं. गोळा तर ओल्याचाही होतो आणि कोरड्याचाही. फरक असतो तो बोटांच्या फटीत लागणाऱ्या गारव्यात आणि अंगठ्याखाली होणाऱ्या सरसरीत. डोळ्याला ते दिसत नाही. अकरा वर्षांपूर्वी भट्टी चुकली होती आणि मूठ खरी निघाली होती, तेव्हापासून लोक नाव काढतात.

माल पाठवणाऱ्याचा एजंट शेजारी उभा होताच. म्हणाला, "काका, झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण आता उघडा."

उजव्या हाताला पट्टी, म्हणून डाव्या हातानं दाबलं. तीन ठिकाणी. कुठेच गारवा नाही. फावडेवाला वीस वर्षं माझ्याबरोबर खणतोय. तो म्हणाला, "काका, अजून हातभर खोल जाऊ का?" म्हटलं, कशाला? तो फावडं आपटून साफ करायला लागला. माती फार चिकटली होती त्याला.

कोरडं, असं लिहून दिलं.

१३ तारीख, शुक्रवार
दिवसभर माल चढला. मी जहाजावरच होतो.

ह्या जहाजाची चीफ ऑफिसर ओळखीची आहे. पहिल्यांदा समुद्रावर निघाली तेव्हा होल्डमध्ये कसं उतरायचं ते मीच तिला शिकवलं होतं. आता माल भरून घेण्याची जबाबदारी तिची. तिनं डब्याची चाचणी केली: डबा निम्मा खनिजानं भरायचा, वीतभर उंचीवरून पंचवीस वेळा आपटायचा आणि वर पाणी येतं का बघायचं. मला बोलावून दाखवलं. "काका, वर चकाकतंय."

"डबा आधी पुसला होतास का?"

"पुसला होता. हा दुसऱ्यांदा करतेय."

"अगं, वरचं पावसाचं पाणी आहे ते. ढिगाच्या पोटात मी स्वतः हात घातलाय."

तिनं डबा उचलला. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर मी आत्ता माल थांबवला असता." आणि डबा ओतून टाकला. मला फार बरं वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू?

जहाजाच्या कुकनं चहा दिला. बोलका माणूस. म्हणाला, "इथे लाटा नाहीत तोवर पिऊन घ्या. तिकडे निम्मा चहा कपात आणि निम्मा माझ्या पायावर." त्याला दोन मुली आहेत, मोठीचं लग्न ठरलंय. उतरल्यावर सुट्टी घेणार आहे.

१४ तारीख, शनिवार
साखर २४१. औषध घेतलं होतं तरी.

खनिजाचं जहाज सकाळी गेलं. आठ दिवसांचा प्रवास.

दुपारी गाड्यांचं जहाज. पाण्यावर तरंगणारी बारा मजली पेटी; गाड्या आपल्याच चाकांनी आत चढतात आणि आपल्याच चाकांनी बाहेर येतात. क्रेन लागत नाही. माझं काम ओरखडे शोधायचं. रंगावरून बोटं फिरवत गेलो, दोनशे गाड्यांत एकही सापडला नाही. माझ्यामागून दुसरा तपासनीस फिरला, त्याला त्याच गाड्यांत चौदा सापडले. हल्लीची पोरं उगाचच फार चिकित्सा करतात.

१६ तारीख, सोमवार

दुपारी डॉक्टरबाईंकडे. फोडाची जखम दाखवायला गेलो होतो. त्यांनी विचारलं, दुखतं का, म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "डोळे मिटा. टोचलं की हो म्हणायचं."

डोळे मिटून बसलो. बराच वेळ गेला. मी म्हटलं, "करा की सुरू."

त्या म्हणाल्या, "उघडा डोळे." त्यांच्या हातात टाचणी होती. डाव्या हाताच्या दोन बोटांवर रक्ताचे बारीक टिपके होते.

त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी विचारलं, "काय कधीपासून?" त्यांनी समजावून सांगितलं. साखरेनं नसा जातात, पायापासून सुरू होतं, मग हात. हळूहळू जातं म्हणून माणसाला कळत नाही. माझं लक्ष नव्हतं. मला फळं आठवत होती, नळ आठवत होता, गाड्या आठवत होत्या. मग ढीग आठवला.

घरी येईपर्यंत विचार केला. हात बधिर आहे म्हणजे माल ओलाच असेल असं नाही. कोरडाही असू शकतो. हात नसलेल्या माणसानं अंदाजानं सांगितलं तरी निम्म्या वेळा खरं निघतं. आणि जहाज तर गेलंच आहे.

हिने विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, सगळं ठीक आहे, गोड कमी करा म्हणाल्या. जेवलो. लवकर आडवा झालो. आणि झोप लागली.

१७ तारीख, मंगळवार

सकाळी ढिगाकडे गेलो. जहाजात न मावलेलं शेवटचं खनिज ताडपत्रीखाली पडलं होतं. फावडेवाल्याला म्हटलं, हातभर खोल खण आणि मूठ भरून दाब.

त्यानं दाबलं. मूठ उघडली. तळवा माझ्यापुढे धरला. म्हणाला, "काका, बोटांच्या फटीतून पाणी लागतंय."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही असंच होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही कोरडं म्हणालात. मला वाटलं, आपलाच हात चुकतोय."

नमुना भट्टीत टाकायला दिला आणि साहेबांकडे गेलो. सांगितलं. ते म्हणाले, "काका, जहाज तीन दिवस झाले, नीट चाललंय. तुम्ही कशाला नसता भुंगा मागे लावून घेताय? आपल्याकडे भट्टीचा रिपोर्ट आहे."

"तो पावसाआधीचा."

"मग तुमची मूठ होती ना?"

"मूठच नाही साहेब. हात मेलाय माझा."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग खुर्ची मागे सारून बाहेर निघून गेले. जाताना फोन माझ्याकडे सरकवला. एवढं त्यांनी केलं, ते लिहून ठेवतो.

अकरा वाजता जहाजाचा फोन लागला. चीफ ऑफिसरच बोलत होती. मी म्हटलं, "काका बोलतोय. माल ओला आहे. मला हातानं कळतच नाहीये. माझं ऐकू नकोस." काय बोललो ते मलाच कळत नव्हतं. तिकडे नुसती घरघर. मग ती म्हणाली, "सकाळपासून आम्ही चार अंश डावीकडे कललोय. कॅप्टन म्हणतायत जहाजाचा तोल राखायच्या पाण्याच्या टाक्यांचा घोळ असेल. उजव्या टाक्यांत पाणी भरून सरळ करणार आहेत. आत्ताच भरणार आहेत."

"भरू नका! चिखल डावीकडे साचलाय. उजवीकडे वजन दिलंत की तो सगळा एकदम तिकडे धावेल आणि जहाज पुन्हा उठणार नाही. आहे तसं ठेवा, वेग कमी करा आणि जवळचं बंदर गाठा."

ती म्हणाली, "काका, हेही मुठीनंच सांगताय का?"

मी म्हटलं, "नाही."

फोन ठेवला की तुटला ते कळलं नाही.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. म्हणजे आजचं सांगितलं. डॉक्टरबाईंचंही सांगितलं, पण त्या आज भेटल्या असं म्हणालो. तोंडातून गेलं तसं.

१८ तारीख, बुधवार

सकाळी भट्टीचा आकडा आला. ओलावा मर्यादेच्या कितीतरी वर.

दुपारी बातमी आली. जहाज आडोशाच्या बंदराकडे वळलं होतं. पाणी भरलं नव्हतं. कल वाढत वाढत गेला. शेवटी कॅप्टननं सगळ्यांना बोटींत उतरवलं, आणि पहाटे जहाज आडवं झालं आणि गेलं. वाटेनं जाणाऱ्या कंटेनरच्या जहाजानं माणसं उचलली. एकवीस होती. वीस सापडली. कुक नाही.

साहेब माझ्या टेबलापाशी आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, वीस माणसं तुमच्या फोनमुळे जिवंत आहेत. पाणी भरलं असतं तर एकही राहिला नसता." मग एक एक जण आला. फावडेवाल्यानं माझ्यासाठी चहा आणला. एजंटानंसुद्धा हात जोडले.

मला काही वाटलं नाही. वाट बघितली, आता वाटेल, मग वाटेल. रडू नाही, सुटल्यासारखं नाही, काहीच नाही. चहा गार झाला असावा. प्यायलो.

२० तारीख, शुक्रवार
काल कामावर गेलो नाही. आज गेलो, खुर्चीत बसून आलो. नमुन्याच्या पिशव्यांना गाठी मारायला दिल्या होत्या, त्याही फावडेवाल्यानं मारल्या. कुकच्या मोठ्या मुलीचं लग्न कोणत्या महिन्यात होतं ते मी विचारलंच नव्हतं.

२३ तारीख, सोमवार

संध्याकाळी चीफ ऑफिसरचा फोन आला. दुसऱ्या कुठल्या बंदरातून बोलत होती. आवाज बसलेला. ही शेजारी भाजी निवडत होती.

म्हणाली, "काका, मी जबाब लिहितेय. डबा दोनदा आपटला आणि दोन्ही वेळा पाणी दिसलं, तरी मी माल घेतला, हे लिहिलंय. माझी चूक मी लपवणार नाही."

मी म्हटलं, "तुझी नाही गं. माझ्यामुळे घेतलास."

"तेही लिहिलंय." मग म्हणाली, "आम्ही बंदरापासून तीन तासांवर होतो. फक्त तीन. दिवे दिसत होते. कुकच्या बायकोला पत्र लिहायचंय मला. तुमच्याबद्दलही लिहीन, की तुम्हाला कळलं त्या मिनिटाला तुम्ही फोन केलात. तुमचे साहेब म्हणाले, सतरा तारखेला सकाळी कळलं. बरोबर ना?"

हिचा हात भाजीत थांबला होता.

सगळे सतराच म्हणतायत. सतरा म्हटलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. डॉक्टरबाई कशाला सांगायला जातायत. हिलाही मी सतराच सांगितलं होतं. वीस माणसं वाचवणारा म्हणून उरलेलं आयुष्य निघून गेलं असतं.

मी म्हटलं, "सोळाला. सोमवारी दुपारी कळलं. मी घरी येऊन जेवलो आणि झोपलो."

तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिनं फोन ठेवला.

ही उठून जवळ येऊन बसली. सोळाला जेवायला वाढलं होतं ते हिनेच. माझा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. घट्ट धरला असावा. तिची बोटं पांढरी पडली होती, तेवढं मला दिसलं.